नांदखोलच्या खाडीला पाणी

सहदेव धुरीच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत, पलंगाच्या बरोबर वर, छताला चार कप्प्या लावून एक जुना सागवानी दरवाजा आडवा टांगलेला होता. दोरी सोडली की दरवाजा कमरेइतका खाली येई आणि त्याच्यावर अख्खं नांदखोल गाव उतरे. देऊळ, शाळा, माडांची रांग, खाडी, खाडीवरचा पूल आणि पुलावरून गोल गोल फिरणारी चार डब्यांची आगगाडी. कडी-कोयंड्याची भोकं होती तिथे सहदेवने विहिरी केल्या होत्या. बिजागरीच्या खाचेत बोगदा बसवला होता. जुन्या दरवाजाचा इतका उपयोग त्या दरवाजालाही सुचला नसता.

आता खरं सांगायचं तर नांदखोलला आगगाडी नव्हती. मालवण तालुक्यात कुठेच नव्हती. रूळ दिव्यावरून पनवेलला आणि तिथून आपट्यापर्यंत जाऊन थांबले होते आणि पुढचं सगळं काम वर्तमानपत्रांत चाललं होतं. कोकणात गाडी येणार, अशी बातमी वर्षातून दोनदा तरी छापून येई. सहदेव ती कापून ठेवी. सरकारला सवड नसेल तर आपण करून टाकू, अशा विचाराने त्याने पासष्ट साली काम काढलं. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो पॅटर्नमेकर होता, म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करणारा. डोळ्याला अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा, फरक सहन होत नसे. त्यामुळे शाळेच्या कौलांना एक वर्ष लागलं आणि माडांना दोन. सरकार यापेक्षा लवकर करील, असं त्याची बायको रत्नप्रभा म्हणे. पण तिने पलंग दिला होता आणि छत दिलं होतं, तेव्हा एवढं म्हणायचा तिला अधिकार होता.

आठ वर्षांत सगळं झालं. फक्त खाडीचं पाणी झालं नाही.

पहिलं पाणी खरं होतं. खाडीत पाणी असतं तेव्हा पाणीच घालावं, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. सहदेवने जस्ताच्या पत्र्याचं उथळ तसराळं केलं, कडा झाळून घेतल्या आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खरं असून खरं दिसेना. पूल वीतभर उंच, आणि पाण्याचा थेंब मात्र होता तेवढाच राहिला, म्हणजे गावातल्या माणसाच्या डोक्याएवढा. गाडी पुलावर आली की खाडी न दिसता हिंदकळणारी बादली दिसे. दोन दिवसांनी झाळ सुटली आणि नांदखोलची खाडी रत्नप्रभेच्या उशीवर उतरली. तिने आरडाओरडा केला नाही. गावाला पूर आला तर आपण मुलुंडला दिरांकडे जाऊन राहायचं का, एवढंच तिने विचारलं. मुलुंडचं नाव निघताच सहदेव खाली वाकून पाणी पुसायला लागला.

दुसरं पाणी काचेचं. फोर्टच्या फुटपाथवर त्याला एक विलायती मासिक मिळालं होतं. त्यात असल्याच एका खेळातल्या गाडीशेजारी निळंशार तळं होतं आणि तळ्यात हंस होते. मजकूर त्याला फारसा कळला नाही, पण चित्र कळलं. त्याने काचेला खालून निळा रंग दिला आणि ती खाडीत बसवली. रत्नप्रभेने बघून विचारलं, की खाडीत नीळ कोणी ओतली आणि धुणं कोणाचं आहे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ कौतुकाने बघायला आले, त्यांनी खाडीत वाकून भांग पाडला. त्याच संध्याकाळी सहदेवने काच उचलली.

तिसरं पाणी रत्नप्रभेनेच सुचवलं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. चायना ग्रास. उपासाच्या दिवशी ती जे दुधात घालून थिजवते तेच पाण्यात शिजवून ओतलं. आणि काय सांगावं, खाडी झकास जमली. थोडी गढूळ, थोडी पारदर्शक, गाडी गेली की अंगभर हळूच शहारणारी. सहदेव दोन तास बघत बसला. पण रत्नप्रभेने सवयीने त्यात चार चमचे साखर घातली होती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या मागून मुंग्यांची रांग निघाली ती पूल ओलांडून थेट खाडीच्या मध्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी खाडी आकसून काठापासून सुटली आणि तिला वास आला. सहदेवने ती चमच्याने खरवडून काढली.

तेव्हापासून तीन वर्षं खाडी कोरडी होती. कोणी विचारलं की सहदेव म्हणे, पाणी अजून जमत नाही, रंग सापडत नाही, चांगलं वार्निश बाजारात येत नाही. रत्नप्रभा शेजारी तांदूळ निवडत हे ऐके. लाकडात अर्धा सूत धरणारा आपला नवरा पाण्याला घाबरत नाही, हे तिला माहीत होतं. खाडीच्या डाव्या काठावर त्याने पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्राचा तुकडा खिळ्यांनी दाबून ठेवला होता. खरी अडचण त्या कागदाखाली होती.

कागदाखाली होता खाजणाचा तुकडा. नांदखोलच्या खाडीकाठी धुऱ्यांची चिखलाची एक पट्टी होती, भरतीला पाण्याखाली जाणारी आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वर येणारी. तिथे ना भात होई ना माड होई. होत होत्या त्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि त्याही कोणी राखण करून पिकवत नव्हतं. बापाने कधीकाळी त्या पट्टीत एक बांध घातला होता, तो पुरात वाहून गेला. बाप गेल्यावर वाटणीच्या वेळी प्रश्न निघाला की बांध होता कुठे. थोरला भाऊ धाकू म्हणाला, होडीच्या खुंटाजवळ. सहदेव म्हणाला, काठावरच्या मोठ्या भेंडीच्या झाडाजवळ. खुंट आणि झाड यांत अंतर असेल पंधरा पावलांचं. त्या पंधरा पावलांसाठी एकसष्ट सालापासून मालवणच्या कोर्टात दावा चालू होता, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. धाकू मुलुंडला राहत होता. घाटकोपरपासून मुलुंड जेमतेम चार-पाच स्टेशनं, पण दोघा भावांनी ते अंतर पार विलायतेइतकं लांबवलं होतं.

हाच धाकू चौदा वर्षांच्या सहदेवला बोटीने मुंबईला घेऊन आला होता. स्वतः गिरणीत साच्यावर उभा राहिला, पण धाकट्याचा हात चांगला आहे म्हणून त्याला सुतारकामाला घातलं. रोज सकाळी स्वतःच्या आधी त्याचा डबा भरला. सहदेव हे विसरला नव्हता. पाच वर्षांपूर्वी त्याची एकुलती मुलगी पद्मजा बोरिवलीला दिली, तेव्हा मांडवात वडीलधाऱ्याच्या जागेचा पाट त्याने शेवटपर्यंत कोणाला दिला नाही. दाराकडे बघत राहिला आणि अक्षता चुकीच्या वेळी टाकल्या. धाकू आला नाही. त्याची बायको रुक्मिणी मात्र आदल्या दिवशीच येऊन पद्मजेची ओटी भरून गेली होती. दोघी जावा दर पंधरवड्याला भाजी घ्यायला म्हणून भांडुपच्या बाजारात भेटत, ही गोष्ट बारा वर्षं फक्त दोघा भावांनाच माहीत नव्हती.

आणि कागदाखाली सहदेवने काय केलं होतं, तर ती पट्टी कोरली होती, कुर्ल्यांच्या बिळांसकट. तिच्यावर बसतील असे दोन बांध करून ठेवले होते, दोन्ही खाली टाचणी लावलेले. एक खुंटाजवळ टोचायचा, एक भेंडीजवळ. रविवारी दुपारी रत्नप्रभा झोपली असं वाटलं की तो कागद उचलून एक बांध टोची, लांबून बघे, काढी, दुसरा टोची. आपला टोचला की धाकूदादाचा चेहरा दिसे. दादाचा टोचला की कोर्टातला आपलाच वकील दिसे. मग दोन्ही काडेपेटीत टाकून कागद पुन्हा दाबून ठेवी. रत्नप्रभा मिटल्या डोळ्यांनी हे सगळं पाहत असे.

बहात्तरच्या डिसेंबरात कुंडलिक घाडी घरी आला. कुंडलिक म्हणजे नांदखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेचा सेक्रेटरी. गावात त्याची दोन गुंठे जमीन, पण मुंबईत अख्खा गाव त्याच्या वहीत. मंडळाचं स्नेहसंमेलन दर फेब्रुवारीत घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होई. धुरी भावांची तिथे समोरासमोर गाठ पडू नये म्हणून कुंडलिकनेच एक तोडगा काढला होता. विषम साली धाकूने यायचं, सम साली सहदेवने. बारा वर्षं दोघांनी हा नेम कोणत्याही व्रतापेक्षा कडक पाळला होता.

कुंडलिकचं म्हणणं असं होतं की यंदा रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर पाहुणे म्हणून येणार आहेत, तर त्यांना दाखवायला सहदेवची गाडी हॉलमध्ये मांडावी. सहदेवला आनंद झाला. मग त्याने मनात साल मोजलं. त्र्याहत्तर. विषम. धाकूची पाळी. कुंडलिकने डोकं खाजवत सांगितलं की आपण मुलुंडला जाऊन आलो, यंदापुरती पाळी सोडा म्हणून विनंती केली, पण धाकू म्हणतो की माझी पाळी आहे, मी येणार, ज्याला यायचं त्याने यावं, आणि त्याने खाडी कशी केली आहे ती मला बघायचीच आहे.

कुंडलिक चहा पिऊन गेला. सहदेवचा चहा तसाच राहिला. गाडी मांडायची तर पाणी हवं, पाणी करायचं तर कागद काढायला हवा, आणि कागद काढला की साऱ्या गावासमोर एका बांधाची टाचणी टोचायला हवी. आपला टोचला तर दादा कायमचा गेला. दादाचा टोचला तर बारा वर्षं आपण खोटे होतो हे आपणच हॉलमध्ये मांडून दाखवलं. सहदेवला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आगगाडीऐवजी आपण पोस्टाची तिकिटं गोळा करायला हवी होती.

यातून वाट दाखवली ती सरूबाईने, आणि आपण काही दाखवलं याचा तिला पत्ताही नव्हता. ती ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येई. आठवड्यातून तीनदा सहदेवच्या दारात पाटी उतरवायची, रत्नप्रभेशी किमतीवरून कडाक्याचं भांडायचं आणि मग पाणी मागायचं, असा शिरस्ता होता. जानेवारीत ती एक दिवस आली तेव्हा दरवाजा खाली आलेला होता. सरूबाई आत येऊन खाडीपाशी उभी राहिली आणि सहदेवने कोरलेल्या दोन होड्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "भावा, ही भरती हाय का सुकती?"

सहदेव म्हणाला की पाणीच अजून घातलेलं नाही, तर भरती कसली.

"पानी नाय, पन होऱ्या हायत ना. एक होरी तोंड करून हाय समुद्राकं, दुसरी पुलाकं. दोनीचा नांगर टाकलेला. एकाच खारीन पानी दोनीकडं जातं का काय?"

नांगरलेली होडी पाण्याच्या ओढीला तोंड देऊन उभी राहते, हे समुद्राकाठच्या पोरालाही कळतं. सहदेवलाही कळत होतं, एकेकाळी. सरूबाई हसली आणि पापलेटाची किंमत चार आण्यांनी वाढवून गेली. सहदेव मात्र स्टुलावर बसून राहिला. आठ वर्षं त्याने घडी घालून ठेवलेला प्रश्न त्या बाईने दोन शब्दांत विचारला होता. पाणी कसं करायचं हा प्रश्नच नव्हता. पाणी किती करायचं, हा होता.

दुसऱ्या रविवारी तो ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावर जाऊन बसला. सरूबाईचा नवरा महादू जाळं सांधत होता, त्याने बसायला पोतं दिलं. सहदेव सकाळी सुकती असताना बसला तो भरती पुरी होईपर्यंत. पाणी निळं नव्हतं, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. पाण्याला रंगच नव्हता. उथळात तळाच्या चिखलाचा रंग, खोलात काळपट हिरवा, आणि या सगळ्यावर फक्त चकाकी. धक्क्याच्या खांबांवर जिथवर पाणी चढतं तिथवर काळा पट्टा, त्याच्यावर पांढरट. आणि भरती आली तसा काठचा चिखल, त्यातल्या काठ्या, कोणीतरी घातलेली दगडांची ओळ, सगळं एकेक करून पाण्याखाली गेलं. पाण्याने कोणालाच विचारलं नाही की हे कोणाचं. सहदेव घरी आला तो खिशातली काडेपेटी चाचपत.

घरी आल्यावर त्याने कागदाचे खिळे उपटले. पट्टी जशी होती तशी ठेवली, बिळांसकट. काडेपेटी उघडून दोन्ही बांध बाहेर काढले, हातावर धरून थोडा वेळ पाहिले, मग रत्नप्रभेला विचारलं की शेगडी पेटलेली आहे का. तिने हात पुढे करून दोन्ही बांध घेतले आणि शेगडीत टाकले. ती फक्त इतकं म्हणाली, की सरकारी काम आहे, चोवीस दिवस उरलेत, आता जेवून घ्या आणि लागा कामाला.

मग सहदेव लागला. प्लास्टरचा तळ सारखा केला. मधल्या पात्रात काळपट हिरवा, काठाकडे येताना मातीचा, पट्टीवर ओल्या चिखलाचा, असे रंग एकमेकांत विरघळवले. आजवर तो वरून पाणी ओतून खोली आणायला बघत होता, आणि खोली तळाच्या रंगात होती. त्यावर कोपल वार्निशचा पातळ हात. एक दिवस वाळू द्यायचा, दुसरा हात. वाळण्याआधी ब्रशच्या टोकाने पुलाच्या खांबांपाशी बारीक लाटा उचलायच्या. दुसऱ्या होडीचं तोंड फिरवलं. दोन्ही होड्या आता समुद्राकडून आत येणाऱ्या पाण्याला तोंड देऊन होत्या. रोज एक हात याप्रमाणे एकवीस हात झाले. चाळीत वार्निशचा इतका वास भरला की शेजारच्या खोलीतली मंडळी जेवायला नातेवाइकांकडे जाऊ लागली. शेवटच्या आठवड्यात वार्निश पिवळं पडायला लागलं. सहदेवने कपाळावर हात मारला. रत्नप्रभेने वाकून बघितलं आणि म्हणाली, की श्रावणात खाडी अशीच तर असते, पिवळी, तुम्ही गावाला गेलाच नाहीत किती वर्षं, तर तुम्हाला काय आठवणार. सहदेव कोर्टाच्या तारखांना जात होता, पण तारखेला गेलेला माणूस खाडीवर जात नाही, हे खरं होतं.

संमेलनाच्या दिवशी चौघांनी दरवाजा खांद्यावर घेतला. वार्निशला धूळ लागू नये म्हणून सहदेवने वर पांढरी चादर घातली होती. मागे रत्नप्रभा पिशवी घेऊन, तिच्यामागे मंडळाचे दहा-बाराजण. रस्त्यावरच्या दोघांतिघांनी टोप्या काढल्या आणि एका गुजराती शेठजींनी हात जोडून विचारलं की वय काय होतं. कुंडलिकने सांगितलं, आठ वर्षं. शेठजी हळहळले.

हॉलमध्ये गाडी मांडली तेव्हा नांदखोलचं अख्खं गाव तिच्याभोवती गोळा झालं आणि लगेच भांडायला लागलं. स्टेशन वरच्या वाडीत का, खालच्या वाडीत का नाही. रूळ तांबे मंडळींच्या आंब्यावरून नेलाच कसा. ज्या गाडीचा अजून नकाशा नव्हता तिच्यासाठी दोन जुने मित्र एकमेकांची कॉलर धरण्यापर्यंत आले. इंजिनिअर पाहुण्यांनी पुलाचे खांब निरखून मान डोलावली आणि मग ते भज्यांकडे वळले. सहदेवचं कशातच लक्ष नव्हतं. तो ट्रान्सफॉर्मरच्या खटक्यावर बोट ठेवून दाराकडे बघत होता, पाच वर्षांपूर्वी मांडवात बघत होता तसाच.

धाकू आला. पांढरं धोतर, काळा कोट, मागे रुक्मिणी. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण सहदेवला तो फार म्हातारा वाटला. गर्दी आपोआप बाजूला झाली, भांडण थांबलं. कोण काय बोलतं आणि कोण उठून जातं, हे आता साऱ्या गावाला बघायचं होतं. कुंडलिकने उगाचच वही उघडली.

धाकूने भावाकडे पाहिलं नाही. देऊळ पाहिलं, शाळा पाहिली, माड पाहिले. मग चष्मा पुसून तो डाव्या काठावर वाकला आणि तसाच राहिला. वार्निशच्या पातळ थराखालून पट्टी अंधुक दिसत होती, बिळं दिसत होती. त्याने एक बोट पुढे केलं, खुंटापासून भेंडीपर्यंत पाण्यावरून सावकाश नेलं, आणि बोट ओलं झालं की काय म्हणून पाहिलं. गाडी पुलावरून खडखडत गेली.

"भरती असा मा ही?" त्याने विचारलं. बारा वर्षांतला हा पहिला प्रश्न.

"होय," सहदेव म्हणाला. त्याचं बोट अजून खटक्यावरच होतं.

"आणि बांध खंय असा?"

"बांध नाय."

"माझो नाय, काय तुझो नाय?"

"दोनय नाय, दादा."

धाकू पुन्हा वाकला, बहुधा तोंड दिसू नये म्हणून. सहदेवने मात्र लपवलं नाही. दादा म्हणून हाक मारायला बारा वर्षांनी तोंड उघडलं आणि तिथे साऱ्या गावासमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. दोघी जावा नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. सगळं माहीत असणाऱ्या माणसांना बोलायची घाई नसते.

धाकू सरळ झाला तेव्हा गाडी दुसऱ्यांदा पुलावर येत होती. त्याने ती पुलावरून जाऊ दिली, स्टेशनातून जाऊ दिली, बोगद्यात शिरू दिली. मग म्हणाला, "गाडी बरी केलस. पण ही येयपर्यंत आपण दोघाय रवणार नाय. पंधरा तारखेची एस्टीची दोन तिकटा काढ."

पंधराला कोर्टाची तारीख होती. दर तारखेला दोघे भाऊ एकाच कोर्टात, एकाच दाव्यासाठी, एक दिवस पुढेमागे वेगळ्या गाड्यांनी जात आले होते. सहदेवने विचारलं, की दावा कोणी मागे घ्यायचा, आधी कोणी सही करायची. धाकू म्हणाला, की ते कोर्टात बघू, एवढ्यासाठी आता वकील नको. कुंडलिकने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. सम आणि विषमचं काय करायचं, हे त्याला कळेना.

सहदेवने खिशातून पेन्सिल काढली आणि कारखान्याच्या चिठ्ठीवर तारीख लिहिली. मग त्याने मान वर करून विचारलं, की दोन जागा शेजारी मिळाल्या तर खिडकी कोणाला घ्यायची.

"तुका घे," धाकू म्हणाला. "तू घाटात ओकतंस."